आधी फोस्टर, मग दत्तक: शेल्टरमधलं कुत्रं-मांजर घरी आणताना

शनिवारी सकाळी शेल्टरच्या फाटकाशी उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. आई-बाबा, मधे आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणि बाबांच्या हातात मोबाईल. मोबाईलवर पांढऱ्या-तपकिरी पिल्लाचा फोटो. "हेच हवंय." ते पिल्लू मंगळवारीच कुणीतरी नेलेलं असतं. आतल्या कोपऱ्यात पाच वर्षांची काळी कुत्री बसलेली असते. शांत, सगळ्या लसी झालेली, घरात घाण न करणारी. ती शेपूट हलवते आणि ते तिघं तिच्यापुढून निघून जातात.

मी गेली आठ वर्षं पुण्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमधे शेल्टरची कुत्री-मांजरं फोस्टर करते. फोस्टर म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवायचं, औषधपाणी करायचं, माणसाळवायचं आणि मग दुसऱ्याच्या हाती सोपवायचं. दत्तक म्हणजे आपलंच, मरेपर्यंत. माझा कल आधीच सांगून टाकते: घरात आजवर कधी कुत्रं-मांजर नसेल तर आधी महिना-दीड महिना फोस्टर करा. सकाळी साडेपाचला कोण उठतं, सोफ्यावरच्या केसांनी कुणाचं डोकं फिरतं, हे शंभर व्हिडिओ बघून कळत नाही. आणि नाही जमलं, तर फोस्टरमधे परत देणं ठरलेलंच असतं, त्यात कुणाचा विश्वासघात होत नाही.

घरातल्या माणसांपासून सुरुवात

"सगळ्यांना चालेल" हे उत्तर पुरेसं नाही. एकेकाला वेगळं विचारा. आजींना देवघरात कुत्रं आलेलं चालणार आहे का? नसेल तर देवघराला दार किंवा लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक बसवता येतं, पण ते आधी. कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर शेल्टरमधे दोन-तीनदा जाऊन तासतासभर बसून बघा.

शाकाहारी घरांत एक प्रश्न नंतर फार त्रास देतो. डॉक्टरांशी बोलून कुत्र्याचं शाकाहारावर निभावून नेता येतं. मांजराचं नाही. टॉरिन नावाचं पोषणद्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं, आणि कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. घरात चिकन शिजणार नसेल तर मांजराचं तयार खाद्य विकत आणायची तयारी हवी. पोळी-दुधावर मांजर जगतं हा आपला जुना समज. वाड्यातलं मांजर पोळी-दुधासोबत रोज दोन उंदीरही मारत होतं, हे आपण सोयीस्कर विसरतो.

दुसरा प्रश्न: गणपतीला कुठे जाता? कोकणात पाच-सात दिवस घर बंद करून जाणाऱ्यांनी त्या आठवड्याचं उत्तर आजच शोधायला हवं. रेल्वेच्या साध्या डब्यात कुत्रं नेता येत नाही. बोर्डिंगवाले, म्हणजे पैसे घेऊन काही दिवस जनावर सांभाळणारे, गणपती-दिवाळीला महिना-दीड महिना आधीच भरलेले असतात.

भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा मेसेजही चालेल. सोसायटीचं वेगळं आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. सभेत बहुमताने ठराव केला तरीही नाही. पण खाली घातलेली घाण उचलायची जबाबदारी तुमचीच. मी सोसायटीत कागद दाखवत भांडले नाही. पहिल्या दिवसापासून हातात पिशवी आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन फिरले. सेक्रेटरी काकांचा विरोध तीन महिन्यांत मावळला. शहरात कुत्रं पाळायला महापालिकेचा परवाना लागतो, तो दरवर्षी काढायचा, आणि त्यासाठी रेबीजच्या लशीची नोंद मागतात.

शेल्टर कुठलं?

आपण सगळ्यालाच शेल्टर म्हणतो, पण यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल जुन्या मुंबईकरांना माहीत आहे. पुण्यात बावधनकडे रेस्क्यू, मुंढव्याला ब्लू क्रॉस. गोव्यात शिवोलीला वेल्फेअर फॉर ॲनिमल्स इन गोवा, आसगावला इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू. प्रत्येकीची पद्धत आणि भेटीची वेळ निराळी, म्हणून फोन केल्याशिवाय जाऊ नका.

दुसरी, महापालिकेची निर्बीजीकरण केंद्रं. ही दत्तक देण्यासाठी नाहीत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे इथे भटक्या कुत्र्यांची नसबंदी होते, रेबीजची लस दिली जाते आणि त्यांना सहसा पकडलेल्या जागीच परत सोडतात. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिसते ती याची खूण. तुमच्या गल्लीतलंच कुत्रं घ्यायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातली एक गोष्ट लक्षात ठेवा: महापालिकेकडे अर्ज करून ते दत्तक घेता येतं, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर राहते.

तिसरी, घरच्या घरी दहा-बारा जनावरं सांभाळणारी माणसं. यातली कित्येक सोन्यासारखी असतात. काहींच्या डोक्यावर मात्र इतकं ओझं असतं की लसीच्या तारखा त्यांनाच आठवत नाहीत. कागद मागा. लसीचं कार्ड, नसबंदीची तारीख. "झालंय सगळं" म्हणजे झालेलं नाही असं धरून चालायचं. आणि दत्तकाच्या नावाखाली कुणी "लॅब्रॅडॉरचं पिल्लू, वीस हजार" म्हणाला तर ती विक्री आहे. संस्था फार तर लस आणि नसबंदीचा खर्च मागते.

पोपट किंवा कासव "दत्तक" देणारा भेटला तर हात जोडून निघा. आपला हिरवा पोपट आणि तारा कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

निवडताना

चेहरा बघून निवडू नका, असं मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण चेहरा बघूनच निवडतो. निदान दोन गोष्टी करा. एक, दोन वेगळ्या वेळी जा. खाण्याच्या वेळी सगळीच कुत्री उड्या मारतात, दुपारी तीनला खरा स्वभाव दिसतो. दोन, पिंजऱ्यापुढे उभं राहून वाकून हात घालू नका. बाजूला वळून जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांत न बघता. पाच मिनिटांत ते जवळ येऊन वास घेतं का, लांबूनच बघत राहतं का, कोपऱ्यात चिकटून थरथरतं का, हे दिसेल. थरथरणारं वाईट नसतं. पण ज्या घरात दोन लहान मुलं आणि दिवसभर बेल वाजते, तिथे ते सुखी होणार नाही.

तिथल्या कामगाराला विचारा. व्यवस्थापकाला नाही, रोज पिंजरा धुणाऱ्याला. "हे चावतं का?" असं विचारलंत तर "नाही" असंच उत्तर येईल. विचारायचं असं: ताटाजवळ हात नेला तर काय करतं? नखं कापताना किती जण धरायला लागतात? गाडीत ओकतं का? शेजारच्या पिंजऱ्यातल्याशी कसं आहे? आधी कुणाकडे असेल तर का सोडलं?

तब्येतीचंही थोडं स्वतः बघा. ओठ वर करून हिरड्या बघायच्या: गुलाबी असाव्यात. पांढुरक्या असतील तर रक्त कमी आहे, आणि आपल्याकडे त्याचं नेहमीचं कारण म्हणजे गोचीड ताप. कानांच्या आत, बोटांच्या फटींत गोचीड शोधा. गोचीड असणं हे न घ्यायचं कारण नाही. फक्त घरी नेण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यायची. मोठ्या मांजरांची एफआयव्ही आणि ल्युकेमिया या एका मांजरातून दुसऱ्याला लागणाऱ्या विषाणूंची चाचणी होते, घरात आधीचं मांजर असेल तर ती करून घ्याच.

आता पिल्लू की मोठं? दिवसभर घर रिकामं राहत असेल तर दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू आणणं हा दोघांचाही छळ आहे. त्याला दिवसातून चारदा खायला, आठ-दहा वेळा शू लागते, आणि दात येताना मिळेल ते चावतं: चपला, चार्जर, सोफ्याचा कोपरा. दोन वर्षांच्या पुढचं कुत्रं जसं दिसतं तसंच राहतं, त्याचा आकार, आवाज, आळस सगळं ठरलेलं असतं. आणि आपलं गावठी कुत्रं आपल्या हवेत टिकतं. हौसेने आणलेले हस्की आणि सेंट बर्नार्ड शेल्टरमधे पोचतात ते नागपूरचा मे महिना बघूनच. मांजराच्या पिल्लांच्या बाबतीत माझा आग्रह उलटा आहे. एक नको, जोडी घ्या. दोघं एकमेकांना चावून शिकतात, तुमचे पाय वाचतात.

फॉर्म, ओळखपत्र, घरी भेट किंवा व्हिडिओ कॉल, नसबंदीचं हमीपत्र, हे सगळीकडे असतं. चिडू नका. बाल्कनीला जाळी आहे का हे त्यांना बघायचं असतं, तुमचं फर्निचर नाही.

आणायच्या आधी घर

मांजरासाठी सगळ्या खिडक्या आणि बाल्कनीला जाळी. ग्रिल म्हणजे जाळी नव्हे, ग्रिलमधून तीन महिन्यांचं पिल्लू आरामात निघतं. वॉशिंग मशीनचं दार नेहमी बंद ठेवायचं आणि मशीन लावण्याआधी आत बघायचं. उंदराचं औषध, झुरळांचा खडू, पॅरासिटामॉलच्या गोळ्या उचला. अर्धी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते. काळं-पांढरं फिनेल मांजराच्या घरातून हद्दपार करा, पंजे चाटताना ते पोटात जातं. कुत्र्याला लावायचं गोचिडांचं औषधही मांजराला कधी लावू नका. त्यातलं पर्मेथ्रिन मांजराला विष आहे.

कुत्र्यासाठी एक कोपरा ठरवा. दारासमोर नको, टीव्हीखाली नको. जुनी सतरंजी, पाण्याचं जड भांडं, आणि गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर. हा नंबर पहिल्याच दिवशी लागतो, कारण जनावर हरवतं ते पहिल्याच आठवड्यात.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात कुणालाही आणू नका. नव्या घराची भीती आणि फटाके एकत्र आले की ते दार उघडं दिसताच सुटतं, आणि त्याला परत यायचं घर अजून माहीतच नसतं.

पहिले काही दिवस

कुत्र्याला आणताना दोन पट्टे लावा, एक गळ्यात, एक छातीभोवतीचा, आणि दोन्ही दोऱ्या हातात. गळपट्टा आणि मान यांत दोन बोटं जातील इतकाच सैल. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत मान काढून घेतं आणि तुमच्या हातात नुसता पट्टा राहतो. मांजराला कडेवर घेऊन रिक्षात बसू नका, कितीही गरीब असलं तरी. बास्केट नसेल तर भाजीवाल्याकडचे दोन प्लॅस्टिकचे क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने घट्ट बांधा.

घरात शिरायच्या आधी कुत्र्याला खाली फिरवून शू करू द्या. मग पट्ट्यासकट एकदा सगळ्या खोल्यांतून फिरवा, त्याच्या कोपऱ्यापाशी सोडा, आणि तुम्ही आपापल्या कामाला लागा. पहिल्या दिवशी आंघोळ नको. पाहुणे नकोत. शेजारची मुलं बघायला येतील, त्यांना पुढच्या रविवारचं बोलावणं द्या.

शेल्टरवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात: तीन दिवस घाबरण्यात जातात, तीन आठवड्यांत घराची वेळ कळते, तीन महिन्यांत ते आपलं होतं. आकड्यांना धरून बसू नका, पण क्रम खरा आहे.

माझ्याकडे मैना नावाची कुत्री आली तेव्हा ती दीड-दोन वर्षांची होती, एक कान फाटलेला. आल्या आल्या वॉशिंग मशीनमागे गेली आणि चार दिवस तिथेच. रात्री अकराला दिवे घालवले की भांड्याचा आवाज यायचा, सकाळी भात संपलेला. शू-शी मात्र मशीनमागेच. मी रोज तिथून हात लांब घालून पुसायचे आणि ती भिंतीला आणखी चिकटायची. आईचं म्हणणं, ओढून बाहेर काढ, एकदा भीती मोडली की झालं. मी नाही काढलं. पाचव्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात फरशीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होते, पाठ तिच्याकडे. कोपराला ओलं नाक लागलं. मी हलले नाही. तिने ढिगातली एक काडी ओढली, मशीनपर्यंत नेली, तिथे तिचे तुकडे केले आणि परत येऊन दुसरी नेली. जुडी संपेपर्यंत आम्ही दोघी तेवढंच करत होतो.

ही मेथीची युक्ती म्हणून सांगत नाही. घाबरलेल्या जनावराशेजारी बसून तुमचं काम करत राहा, त्याच्याकडे न बघता. पुस्तक वाचा, शेंगा सोला. हाक मारून, हातात बिस्कीट धरून बोलावण्यापेक्षा हे लवकर होतं.

शू-शीची सवय सोपी आहे, फक्त घड्याळ लागतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच खाली न्यायचं किंवा ठरलेल्या कागदावर ठेवायचं. तिथे केलं की त्याच क्षणी शाबासकी. घरात केलं तर नाक घासणं, फटका देणं यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायची नाही, म्हणून मग पलंगाखाली करतं. डाग साध्या पाण्याने पुसून वर पांढरं व्हिनेगर घातलेलं पाणी फिरवा, म्हणजे वास राहत नाही.

घरात आधीचं जनावर असेल तर नवीन पाहुणा दहा ते चौदा दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत. ही अवधी आजारांसाठी आहे आणि ओळखीसाठीही. मांजरांचं तर दाराच्या दोन बाजूंना ताटल्या ठेवून खाऊ घालायचं, एकाचं अंथरूण दुसऱ्याला द्यायचं. वास ओळखीचा झाला की मग चेहरे दाखवायचे.

खाणं

पहिले तीन-चार दिवस शेल्टरमधे जे खात होतं तेच. मग आठवडाभरात हळूहळू बदल. एकदम बदललंत की जुलाब, आणि जुलाब अन्नामुळे की आजारामुळे हे कळायला मार्ग राहत नाही. घरचं द्यायचं तर भात, उकडलेलं चिकन किंवा अंडं, थोडा भोपळा, गाजर, मीठ-मसाला न घालता. आपल्या ताटातला रस्सा नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि कांदा कुत्र्या-मांजराच्या रक्तपेशी फोडतो. चॉकलेट नको. आणि सत्यनारायणाचा शिरा देणाऱ्या मावशींना प्रेमाने अडवा: त्यातल्या मनुका कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात.

लस, जंत आणि पार्व्हो

कुत्र्याच्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली एकत्रित लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, पुढे दरवर्षी. मांजराला आठ-नऊ आठवड्यांपासून तिहेरी लस, आणि रेबीज तसंच. जंताचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. वजन करून द्यायचं, अंदाजाने नाही. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत खाली सोडायचं नाही. कडेवर घेऊन जग दाखवा.

आता पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांचा विषाणूजन्य आजार. शेल्टरच्या पिल्लांचा हा सगळ्यात मोठा शत्रू. पिल्लू काल उड्या मारत होतं, आज खात नाही, ओकतंय, आणि संध्याकाळी रक्ताचे जुलाब. तो वास एकदा आला की विसरता येत नाही. अशा वेळी "उद्या सकाळी बघू" म्हणायचं नसतं. पाच-सहा दिवस सलाईन लावावं लागतं, आणि वेळेत लावलं तर बरीच पिल्लं वाचतात.

माझ्या पहिल्या वर्षी एक पिल्लू पार्व्होने गेलं. मी फरशी तीनदा फिनेलने पुसली, अंथरुणं उन्हात घातली, आणि दोन महिन्यांनी मोठ्या विश्वासाने दोन नवी पिल्लं आणली. सहाव्या दिवशी दोघांनाही झाला. फिनेलने पार्व्होचा विषाणू मरत नाही, हे मला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. घरात तो कित्येक महिने, अनुकूल जागी वर्षभरही टिकतो. त्याला ब्लीच लागतं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट: एक वाटी ब्लीचला तीस वाट्या पाणी. आधी घाण साबणाने पूर्ण धुऊन काढायची, कारण घाणीवर ब्लीच चालत नाही, मग हे पाणी दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. जनावर दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या. ब्लीचमधे संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. ज्या घरात पार्व्हो झाला तिथे वर्षभर फक्त लस पूर्ण झालेली मोठी कुत्रीच घ्यायची. त्या दोघांतला एक वाचला. हडपसरला असतो, आता एकोणतीस किलो आहे.

तुमच्यासाठीही लस आहे. फोस्टर नियमित करणार असाल तर रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा. मग पुढे कधी चावलं तर दोनच डोस पुरतात, सीरम लागत नाही. आधी घेतली असो वा नसो, चावलं किंवा दात लागून नुसतं खरचटलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावू नका. पिल्लू होतं, घरातलंच होतं, यातलं काही कारण चालत नाही.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजर घालवायची गरज नाही. मांजराच्या शीचा ट्रे दुसऱ्याने आणि रोजच्या रोज साफ करायचा. गर्भाला धोका असतो तो टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूचा, आणि तो शीमधून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस घेतो.

फोस्टर करताना

आधी कागदावर ठरवून घ्या, तोंडी नको. औषधाचा खर्च कुणाचा? कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं? रात्री दोनला फोन कुणाला करायचा? किती दिवस? घर शोधायचं कुणी, आणि शेवटचा होकार कुणाचा? माझ्या ओळखीत जी भांडणं झाली ती सगळी या पाचांपैकीच कशावरून तरी. पहिल्यांदा करत असाल तर ऑपरेशननंतरचं मोठं कुत्रं मागा. दहा-बारा दिवसांचं काम, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर, आणि बाकी ते झोपूनच असतं. जखमी किंवा बाटलीवरची पिल्लं पहिल्या खेपेला नकोत.

बाटलीवरच्या मांजरांबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण उन्हाळ्यात पार्किंगमधे, माळ्यावर ती सापडतात आणि मदतीच्या घाईतच मरतात. सापडलेली पिल्लं लगेच उचलू नका. स्वच्छ, गुबगुबीत, शांत असतील तर आई खायला गेली आहे. लांब उभं राहून दोन-तीन तास वाट बघा. आईसारखं फोस्टर नाही. थंड पडलेली, मळलेली, सतत ओरडणारी असतील तरच घ्या.

घेतलीत तर पहिलं काम ऊब. थंड पिल्लाला दूध पाजलं की ते पचत नाही, छातीत उतरतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर ते दुसरीकडे सरकेल. गायीच्या दुधाने जुलाब होतात, मांजराच्या पिल्लांची दूध पावडर औषधांच्या किंवा पेट शॉपमधे मिळते. पाजताना पिल्लू पोटावर, आईच्या कुशीत असतं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून हलकं पुसायचं, त्याशिवाय त्यांना शू-शी होत नाही, ते काम एरवी आई चाटून करते. आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा रोज वापरा. रोज दहाएक ग्रॅम वाढायला हवी. एक पूर्ण दिवस वजन वाढलं नाही किंवा घटलं, तर डॉक्टर. डोळे साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी उघडतात, तीन आठवड्यांत दात दिसू लागतात. चार आठवड्यांनी बशीतून मऊ खाणं सुरू झालं की तुम्हाला झोप मिळते.

आठ आठवड्यांच्या आत कुणालाही पिल्लू देऊ नका, घेणाऱ्याने कितीही घाई केली तरी.

घर शोधणं आणि सोपवणं

फोटो जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून, खिडकीच्या उजेडात. काळ्या कुत्र्याचे फोटो सकाळी आठच्या सुमारास काढा, एरवी नुसता काळा गोळा दिसतो. लिहिताना "खूप प्रेमळ" नको, ते सगळेच लिहितात. "कुकरच्या शिट्टीला घाबरते, मेथी खाते, जिना उतरायला अजून शिकतेय" असं लिहा. यातून फोन कमी येतात, पण वाचून आलेले असतात.

फोनवर मी तीन प्रश्न विचारते. गणपतीला कुठे जाता? बदली झाली तर? आणि तुमच्या घरात या निर्णयाला सगळ्यात जास्त विरोध कुणाचा आहे, त्यांच्याशी बोलू शकते का? "राखणीला शेतावर बांधायचंय", "मुलीला वाढदिवसाला सरप्राइज", "एकदा पिल्लं झाली की मग नसबंदी" या तिघांना नम्रपणे नाही. एकाने पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं, "मालवणला, एका जीपमधे अकरा जण, कुत्रं बारावं." त्यांना मी लगेच घरी बोलावलं.

सोपवताना सोबत द्यायचं: लसीचं कार्ड, चार दिवसांचं खाणं, त्याच्या अंथरुणाचा न धुतलेला तुकडा, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान. कधी खातं, कशाला घाबरतं, कुठल्या शब्दाला येतं. मग निघायचं, लवकर. दारात रडत उभं राहिलात तर त्यालाही कळतं. तिसऱ्या दिवशी फोन, महिन्याने भेट, नसबंदी राहिली असेल तर तारीख येताच आठवण. ठेवून घ्यावंसं वाटलं तर त्याला आमच्यात "फोस्टर फेल" म्हणतात, त्यात लाज नाही. पण प्रत्येक फेल म्हणजे पुढच्या फोस्टरसाठी एक जागा कमी.

आणि काही परत येतात. परत घेणार हे आधीच लिहून दिलेलं असावं, नाहीतर घाबरलेलं कुटुंब त्याला महामार्गावर सोडून येतं. असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, पण सोडल्यावर कायदा त्या कुत्र्याच्या काय कामाचा? परत आलं की चिडू नका, कारण विचारा आणि त्या पानावर लिहा.

मैना पहिल्या घरून सोळाव्या दिवशी परत आली. एकत्र कुटुंब, सकाळी तीन कुकर, आणि ती दिवसभर पलंगाखाली. मी पानावर कुकरची ओळ अधोरेखित केली, खाली "तीन कुकर" असं लिहिलं. पुढच्या खेपेला आलेल्या नवरा-बायकोने ते पान शेवटपर्यंत वाचलं. बायको म्हणाली, "आमच्याकडे डबा येतो हो. कुकर रविवारी, तोही वरणापुरता."